तेलाच्या डब्यातला कंद

"एदुविना, शेळ्या वळव गं! अन्यान्यूका डोकं वर काढतायत!"

आई जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण तिची ती हाक एदुविनाच्या कानात तशीच होती. उआस्कोच्या कोरड्या किनाऱ्यावर ही लाल फुलं उमलली, की त्या उतारावर कुणी शेळ्या सोडत नसे. पाऊस आला तर आली. नाहीतर कंद मातीत निजलेले, वर्षामागून वर्षं.

यंदा उतार लाल झाला होता. निवडुंगांच्या पायाशी, खडकांच्या खाचेत, पार समुद्रापर्यंत. शेळ्या कुंपणात कोंडून एदुविना चीजचे गोळे फडक्यात बांधत होती.

"आज वेणी?" धाकटी ओतिलिया म्हणाली. "कुठल्या शेळीसाठी, ताई?"

"गप गं. केस पडतात चीजमध्ये."

खेचर घेऊन नोल्बेर्तो आला. तिचं चीज बंदरावर नेऊन विकणारा, तिच्यासारखाच एकटा. आजची त्याची शेवटची फेरी. भाच्याने त्याला वायेनारला राहायला बोलावलं होतं.

"आता पंख्याखाली बसून राहणार, एदुविनाबाई."

"बसा की. खेचरालाही न्या, हवा लागेल बिचाऱ्याला."

तो हसला. मग त्याची नजर दाराजवळच्या तेलाच्या डब्याकडे गेली. मागे फुलं आली होती तेव्हा त्याने उतारावरून एक कंद खणून आणला होता आणि काही न बोलता या डब्यात लावला होता. काही महिन्यांनी डब्यात कंद नव्हता, नुसती उकरलेली माती होती. तो काय ते समजला, आणि त्यानंतर फक्त चीजबद्दल बोलत राहिला.

"डबा ठेवलाय अजून," तो हळूच म्हणाला.

"डब्याने काय घोडं मारलंय?"

त्याने गोळे लादले, पट्टा आवळला. खेचर लाल उताराच्या कडेकडेने निघालं. ओतिलियाने बहिणीला कोपराने ढोसलं. एदुविना जागची हलली नाही. खेचर वळणाशी पोचलं, तशी ती आईच्याच खणखणीत आवाजात ओरडली, "नोल्बेर्तो!"

तो थांबला.

"कंद मी फेकला नव्हता!"

"मग?"

"कुजला! निजलेल्या कंदाला पाणी घालू नये, हे मला काय कळत नव्हतं? पण तुम्ही दिलेला ना... भर उन्हाळ्यात रोज घालत होते. सकाळी घालायचे, आणि संध्याकाळी पुन्हा राहवायचं नाही!"