राखणदाराच्या मुंग्या

तर झालं काय, ऋतिकाची बाटली तिसऱ्यांदा रिकामी निघणार होती, आणि या वेळी तिने ती रिकामी होताना पाहिली!

थांबा, आधीचं सांगायला हवं. ऋतिका म्हणजे आपली रत्नागिरीच्या कॉलेजातली, एमएस्सी झूलॉजी, शेवटचं वर्ष. तिचा प्रोजेक्ट मुंग्यांवर. लोक विचारायचे, "मुंग्या? त्यात काय बघायचं?" आणि ती दात-ओठ खाऊन हसायची. फेब्रुवारीत ती पूर्णगडच्या भागोजीकाकांच्या होडीतून समोरच्या खडपावर गेली. खडप म्हणजे बेटच, पण एवढंसं. थोडा कातळ, चार करवंदीच्या जाळ्या, केवड्याचं एक बन आणि मधोमध शेंदूर लावलेला राखणदाराचा, म्हणजे बेट राखणाऱ्या देवाचा, दगड. बस. घरी आल्यावर तिच्या ओढणीच्या घडीत एक मुंगी मेलेली सापडली. सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर पाठीच्या टोकाला दोन काटे, आणि ते काटे गळासारखे वर वळलेले! असले काटे तिच्या कुठल्याच पुस्तकात नव्हते.

तिने फोटो काढून बंगळुरूच्या एका मॅडमना पाठवले. मुंग्या ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. त्यांचं उत्तर आलं दोन ओळींचं. "वेगळी वाटते. पण एका मुंगीवरून जात ठरत नाही, त्यातून हिची एक मिशी तुटलेली आहे. निदान दहा कामकरी मुंग्या हव्यात, आणि राणी मिळाली तर उत्तम."

दहा! दहा मुंग्या म्हणजे काय हो? आपल्या साखरेच्या डब्यात चारशे असतात!

पहिल्या फेरीत तिने चाळीस धरल्या. स्पिरिटच्या बाटलीत घातल्या, परतताना भागोजीकाकांच्या पडवीत पिशवी ठेवली, त्यांच्या बायकोच्या, हौसाकाकींच्या हातचं माशाचं तिखलं आणि भाकरी खाल्ली, एसटीने घरी आली. बाटली रिकामी. झाकण मात्र घट्ट! तिला वाटलं, आपणच वेंधळ्या, भरलेली सोडून दुसरीच उचलली. दुसऱ्या फेरीत तीस. पुन्हा तेच. आता तिला स्वतःच्या डोक्याचीच शंका यायला लागली. संदेश सर, म्हणजे तिचे गाईड, फोनवर म्हणाले, "मुंग्या पळाल्या? स्पिरिटमधून? ऋतिका, झोप नीट होतेय ना?" आणि वर, "दहा जूनला प्रबंध द्यायचाय. नाही जमलं तर 'ओळख पटली नाही' असं लिही आणि मोकळी हो."

ओळख पटली नाही! चार महिने घासून शेवटी हेच लिहायचं? तिच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात एक जूनपासून होड्या बंद. मे महिना सरत आलेला.

म्हणून ही तिसरी फेरी. परत आल्यावर ती विहिरीवर पाय धुवायला गेली, मोबाईल विसरला म्हणून अर्ध्यातून फिरली, आणि बघते तर हौसाकाकी पडवीत उकिडव्या बसून तिची बाटली करवंटीत उपडी करतायत. अगदी शेवटची मुंगी निघेपर्यंत बुडावर टिचक्या मारतायत.

"काकी! काय करताय?"

"दिसत नाय? मुंग्या काढतंय."

"का पण?"

"परत पाठवायच्या. सकाळी हे जातील ना जाळी टाकायला, वाटेत ठेवतील खडपावर."

कोपऱ्यात जाळं विणत बसलेले भागोजीकाका मान वर न करता म्हणाले, "मागच्या दोन खेपेच्या पण पोचवल्या हो मी. एक सांडली नाय."

ऋतिका खालीच बसली. "काका, मेलेल्या होत्या त्या! मेलेल्या मुंग्या घेऊन राखणदार काय करणार?"

"मारल्यास तू," हौसाकाकी म्हणाल्या. "ते तू बघ त्याच्याशी. आम्ही आपल्या पोचत्या केल्या."

मग कळलं सगळं. खडपावरचं काही घरी आणायचं नाही. करवंद तिथेच खायचं, बी तिथेच थुंकायची. काकांच्या चुलत्याने एकदा जाळ्याला वजन म्हणून तिथला धोंडा आणला, तर सबंध हंगाम जाळं फाटूनच वर यायचं. शेवटी नारळ घेऊन धोंडा परत नेला.

"मग आधी नाही का सांगायचं!"

"तू विचारलंस कधी?" काकी म्हणाल्या. "तू म्हणालीस, बघायला जातंय. बघायला कोण नाय म्हणतो?"

ऋतिका म्हणाली, "मग आणायच्या कशा? काहीतरी वाट असेल की!"

"हाय ना. गाऱ्हाणं घालायचं. कौल दिला तर ने, मी स्वतः पिशवी धरीन."

तीस मेला सकाळी तिघं निघाली. काका सुकाणूवर, काकींच्या मांडीवर नारळ, ऋतिकाच्या मांडीवर सहा बाटल्या. हट्टच होता तिचा. खडपावर काकींनी दगड धुतला आणि तांदळाच्या दोन ओल्या कण्या चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी सुटली तर होय, डावी सुटली तर नाही. मग काकांनी हात जोडून खणखणीत आवाज लावला, "बा राखणदारा, ही पोर शिकतेय, तुझ्या चार मुंग्या मागतेय, वाकडं असेल तर सरळ कर, आणि काय तो कौल दे!"

तिघं बघत बसली. पाच मिनिटं. दहा मिनिटं. कण्या हलेनात. ऊन डोक्यावर यायला लागलं, भरतीची वेळ जवळ आली. ऋतिका मनातल्या मनात उजव्या कणीला ढकलत होती. आणि तेवढ्यात दगडाच्या मागून एक मुंगी आली. मग तीन. मग सात. डाव्या कणीला चिकटल्या, ओढली, आणि खाली!

"डावी," काकी म्हणाल्या. "नाय म्हणतोय."

"अहो, पण तो कौल देवाने नाही दिला! मुंग्यांनी ओढली ती! डोळ्यांदेखत!"

"मग? न्यायचं कोणाला हाय तुला? त्यांनाच नको विचारायला?"

आता सांगा! सहा बाटल्या, संपूर्ण एमएस्सी, बंगळुरूच्या मॅडम, सगळं एका कणीवर अडलेलं, आणि वर बाई बोलतेय ते बरोबरही वाटतंय! ऋतिकाला ओरडावंसं वाटलं. ती ओरडलीसुद्धा, "अरे काय आहे हे!" समुद्राकडे तोंड करून. काकांनी हलकेच विडी पेटवली.

पण ती ओरडत असताना कणी चाललीच होती. ऋतिका चडफडत तिच्यामागे रांगत गेली, कारण मुंगी कणी नेते ती घरी नेते, आणि हे घर तिला तीन फेऱ्यांत सापडलं नव्हतं. कणी केवड्याच्या बनात शिरली, कातळाच्या भेगेशी आली, आत गेली. भेगेच्या बाहेर, हातभर अंतरावर, मुंग्यांनी आपला केर टाकलेला. टरफलं, किड्यांचे पंख, आणि त्यात मेलेल्या मुंग्या. मुंग्या आपली मेलेली माणसं घरात ठेवत नाहीत, बाहेर आणून टाकतात. तिला पाठ होतं हे. परीक्षेत लिहिलं होतं! आणि आत्तापर्यंत सुचलं नव्हतं.

तिने भिंग लावलं. गळासारखे काटे. पुढची, तिलाही. पुढची, तिलाही. चौदा अख्ख्या! आणि खाली एक मोठी, फुगीर छातीची, पंख गळून पडलेली. राणी!

"काकी," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, जणू मुंग्यांना ऐकू जाईल, "ह्या मी नाही मारल्या. ह्या त्यांनीच टाकल्यात. केर आहे हा त्यांचा."

हौसाकाकी गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या. "स्वतःहून टाकलाय?"

"स्वतःहून."

"मग घे. केर कोण परत मागतो?"

तरी होडीत चढायच्या आधी काकींनी तिची ओढणी झटकायला लावली, बूट उलटे करायला लावले. बाहीवर एक सापडलीच. जिवंत, दोन्ही मिशा शाबूत, अशी नमुनेदार की मॅडमनी डोळे मिटून पास केली असती. ऋतिकाने तिच्याकडे पाहिलं, काकींकडे पाहिलं, दात-ओठ खाल्ले आणि बोट कातळाला टेकवलं. गेली तुरुतुरु.

दहा जूनच्या आदल्या दिवशी बंगळुरूहून उत्तर आलं. "नवी जात. माझी खात्री आहे. आता नाव सुचवा आणि नमुन्यांच्या चिठ्ठ्या नीट लिहा."

चिठ्ठीवर कुठून, कधी, आणि गोळा कोणी केलं ते लिहायचं असतं. ऋतिकाने स्वतःचं नाव लिहिलं, जरा थांबली, आणि शेजारी हौसाकाकींचं लिहिलं. मग फोन करून सांगितलं.

"माझं कशाला गो?" काकी पलीकडून ओरडल्या. "मी काय गोळा केलं? मी तर सगळ्या परत पाठवल्या!"