दोन किल्ल्या, एक नाव

सरहद्दीवरची नदी ओलांडून माए सोट या गावी येण्याआधी मी कॉलेजात संगणक शिकवत होते. इकडे आल्यावर निर्वासितांच्या दवाखान्यात माझ्याकडे कुलपाचं काम आलं.

पलीकडे लष्कराने जाळलेल्या गावांतल्या लोकांचे जबाब आमची माणसं ध्वनिमुद्रित करून आणत. त्यांत सांगणाऱ्यांची नावं होती. ती शिपायांच्या हाती लागली असती, तर एकेकाला घरातून ओढून नेलं असतं. म्हणून मी कुलूप असं बसवलं, की जबाब उघडायला दोन किल्ल्या लागतील. किल्ल्या म्हणजे संगणकातले आकडेच. एक वकिलांचं मंडळ देणार, दुसरी आमचा दवाखाना. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, दोघांवर कोणी साहेब नाही. शिवाय प्रत्येक किल्ली एका माणसाच्या नावाने बनायची. एका माणसाची वकिलांकडची आणि दुसऱ्याची दवाखान्याकडची, अशा जोडून चालायच्या नाहीत. दोन्ही एकाच नावावर हव्यात. तशा त्या फक्त नॉ बेलरकडे होत्या. ती पलीकडच्या डोंगरात आमच्या दवाखान्याची सुईण होती आणि वकिलांनी तिला जबाब घ्यायला शिकवलं होतं.

त्या फेब्रुवारीत वकील ऊ ल्विन हान आणि आमची परिचारिका नॉ एहसो पलीकडे गेले आणि नाक्यावर शिपायांना सापडले. दोघांच्या फोनमध्ये जबाब होते आणि प्रत्येकाची आपापली किल्ली होती.

पुढचं मला नॉ एहसोने सांगितलं. कैद्यांच्या अदलाबदलीत ती सुटून आली तेव्हा तिचे दोन दात गेले होते, आणि ती भात पाण्यात कालवून खात होती.

शिपायांच्या संगणकवाल्याला कुलूप ओळखता आलं. वकील हवा, दवाखाना हवा, एवढं बाहेरच लिहिलेलं होतं. दोघंही समोर बसलेले. त्याने दोन्ही किल्ल्या लावल्या. उघडलं नाही.

"एक तुझी, एक हिची," अधिकारी म्हणाला. "दोन झाल्या की नाही?"

"दोन्ही एकाच्याच नावावर लागतात, साहेब," ऊ ल्विन हान म्हणाले. ते खरं होतं.

"मग असा कोण आहे?"

नॉ बेलरचं गाव त्या नाक्यापासून दोन तासांच्या वाटेवर होतं. मग ऊ ल्विन हान यांनी आपलंच बोलणं फिरवलं. म्हणाले, असा कोणी नाही, मघाशी मी थाप मारली. हिची किल्ली बरोबर आहे, माझीच खोटी आहे. खरी उघडायचा शब्द मला आठवत नाही.

त्यानंतर नॉ एहसोला कोणी हात लावला नाही. चार दिवस शिपाई ऊ ल्विन हान यांना शब्द विचारत राहिले. तसा शब्द नव्हताच. चौथ्या दिवशी दुपारी त्यांचा जीव गेला.

त्यांच्या बायकोला, मा न्वेला, हे मीच सांगायला गेले. तिने चहा ठेवला, मुरवलेल्या चहाच्या पानांची, लपेची वाटी पुढे केली आणि सगळं ऐकून घेतलं.

"त्या दोन किल्ल्यांनी उघडलं असतं, तर ते परत आले असते का?"

"कदाचित आले असते. पण जबाब देणाऱ्यांची बावीस घरं..."

"घरं मोजून सांगू नका, बाई. मी त्यांचं विचारते आहे."

कुलूप बसवताना मी चोराचा विचार केला होता. दोन किल्ल्या हातात असून कुलूप उघडत नाही, हे ज्याला पटणारच नाही अशा माणसाचा विचार केला नव्हता. त्याच्यासमोर कोणाला बसावं लागेल, याचाही नाही.

नॉ बेलरला आम्ही मार्चमध्ये नदीच्या अलीकडे आणलं. पावसाळ्यात चौकशी करणारे परदेशी लोक दवाखान्यात आले, तेव्हा तिने आपल्या दोन किल्ल्यांनी पहिला जबाब उघडला. मा न्वे येईल असं मला वाटलं नव्हतं, पण ती आली आणि दाराशी बसली.

आधी बराच वेळ कोंबड्यांचा आवाज आला. मग ऊ ल्विन हान यांचा.

"घाई नाही, आजी. आधी पाणी प्या, मग नाव सांगा."

मा न्वे उठून बाहेर गेली. नॉ बेलरने माझ्याकडे पाहिलं. जबाब थांबवू नको, अशी मी तिला खूण केली.