दीपगृहाची म्हातारी

"ती फ्रेम नाकावर घे," चष्मेवाला म्हणाला. "तिसऱ्यांदा सांगतोय."

"घेतो रे, एवढं ऐक. जावई म्हणतो, नव्या घराचं दार डावीकडे उघडायला हवं. मी म्हटलं, बाबा, तुझी सासू उजवीकडून येते. डावीकडे दार ठेवलंस तर ती भिंतीतून येईल, पण येईल." कंडक्टरने फ्रेम कपाळावरच राहू दिली आणि चहाचा घोट घेतला.

रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून, काचा घासायच्या मशीनशेजारी ही चौकडी बसायची. खेळ तसा सोपा. चष्मेवाला सूत्रधार. तो सांगणार, समोर दरी आहे. बाकीचे तिघे गोष्टीतली माणसं होऊन आपण काय करतो ते सांगणार, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवणार. कंडक्टर चोर होता. सिस्टर दिवसभर इस्पितळात लोकांना जगवायची, म्हणून इथे हौसेने जल्लाद झाली होती. चष्मेवाल्याच्या धाकट्या भावाचं घरात कोणी ऐकत नसे, तो राजपुत्र.

अवघड होतं ते गप्पा आवरणं. त्यावर चष्मेवाल्याने तोडगा काढला होता. प्रत्येकाला एक बिनकाचेची फ्रेम. नाकावर असेल तर तुम्ही गोष्टीत, कपाळावर असेल तर खुशाल घरची गाऱ्हाणी सांगा. अर्धी दुपार कपाळाची, अर्धी नाकाची, असा करार. पण कंडक्टर एकटाच पाऊण दुपार खाऊन टाकी. चढावर बंद पडलेली बस ह्या माणसाने नुसतं बोलून बोलून माथ्यावर नेली होती, असं लोक सांगतात. लोक म्हणजे तोच.

तीन वर्षं अशी गेली. वाळवंट झालं, बुडालेलं शहर झालं, आणि आता समोर दीपगृह होतं. तिथे गोष्ट संपायची होती. दीपगृहात एक म्हातारी दिवा सांभाळून बसलेली. चष्मेवाल्याने तिला पहिल्या रविवारपासून राखून ठेवलं होतं. मशीनच्या घरघरीत, कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, तो तिच्या आवाजाची तालीम करायचा. एकदा मशीन अचानक बंद पडली आणि समोरच्या गिऱ्हाइकाने दचकून विचारलं, आत आजी आहेत का?

आज ती बोलायलाच हवी होती. मंगळवारी त्याच्या घशाचं ऑपरेशन होतं. गाठीबरोबर स्वरयंत्रही काढणार होते. माणूस राहील, डॉक्टर म्हणाले होते, आवाज राहणार नाही.

आणि कंडक्टर जावयाच्या दारात अडकला होता.

"मग पुढे काय झालं?" सिस्टरने विचारलं.

चष्मेवाल्याने हातातले फासे खाली ठेवले. "सिस्टर, तुम्ही ह्याला पुढे काय झालं असं विचारताय? एरवी तुम्ही ह्याच्या तोंडाला टाके घालायला निघता."

सिस्टरने रिकामाच कप तोंडाला लावला.

"आणि तू," तो भावाला म्हणाला, "तीनदा चहा आणलास. घरी पाण्याचा पेला उचलत नाहीस."

भाऊ आधीपासूनच कच्चा. "दादा, आमचं ठरलंय. आज संपवायचं नाही. गोष्ट अर्धी राहिली की तुला परत यावंच लागेल."

"कोणाच्या डोक्यातून निघालं हे?"

कोणी बोललं नाही. कंडक्टरसुद्धा नाही, त्यामुळे कळलंच.

चष्मेवाल्याने घोटभर पाणी घेतलं. ते उतरायला वेळ लागला. "अरे, मी येणारच आहे. गिऱ्हाइकं आहेत, मशीन आहे, जाणार कुठे? पण म्हातारी येणार नाही. तिला काय माझ्याबरोबर टेबलावर घेऊन जाऊ?"

"तू लिहून दे," कंडक्टर म्हणाला. "मी बोलतो तिच्या वतीने."

"तू बोललास तर ती जावयाचं दार घेऊन बसेल."

कंडक्टरने कपाळावरची फ्रेम ओढून नाकावर घेतली. मग सिस्टरने. मग भावाने. शेवटी चष्मेवाल्याने स्वतः.

"दीपगृहाच्या पायऱ्या संपल्या," चष्मेवाला म्हणाला. "वर म्हातारी बसली आहे. चोर काय करतो?"

तीन वर्षं चोर तो दिवा लांबवायचे बेत रचत आला होता. फासे त्याच्यापुढे सरकवले होते. त्याने ते परत सारले.

"चोरी करत नाही. खाली बसतो. म्हणतो, आजी, तुम्ही बोला. आम्ही ऐकतो."

आणि म्हातारी बोलली. बारीक, किनरा, समुद्राच्या वाऱ्याने झिजलेला आवाज होता. समोरून गेलेल्या जहाजांबद्दल ती बोलली. कुठलं परत आलं, कुठलं आलं नाही, कोणत्या खलाशाने एकदाच हात हलवला होता. मधेच आवाज चिरायचा. भावाने पाण्याचा पेला पुढे केला. म्हातारीने तो बाजूला सारला आणि पुढचं जहाज घेतलं. जल्लादाने फ्रेमच्या आत बोट घालून डोळा पुसला. तिथे काच नसल्याचा तेवढा फायदा.

"दिवा विझला," चष्मेवाला शेवटी म्हणाला, आपल्या आवाजात. "संपलं."

चौघांनी फ्रेमा वर सरकवल्या. "आता बोला काय बोलायचं ते," तो म्हणाला. "हवा तेवढा वेळ आहे." सिस्टरने कप विसळले. भावाने खुर्च्या भिंतीला लावल्या.

ऊन उतरताना शटर वर गेलं. कंडक्टर रस्ता ओलांडून पलीकडे पोचला, तेव्हा चष्मेवाल्याने दारातून हाक दिली. "अरे ए, सांभाळून जा."

मागच्या सीटवरची कुजबुज पुढच्या दारात ऐकणारा तो माणूस. त्याने वळून कानामागे तळवा धरला. "काय?"

"सांभाळून जा म्हटलं." ह्या वेळी आवाज फाटला.

"ऐकू नाही आलं."

चष्मेवाल्याने तोंड उघडलं. मग मिटलं, आणि नुसता हात वर केला. मधून गाड्या जात राहिल्या. त्या थांबल्या, रस्ता मोकळा झाला, तरी कंडक्टर पलीकडे कानामागे तळवा धरून उभाच होता.