हुपरीची शाखा

तेजस्वीला नियमांचं वावडं होतं अशातला भाग नाही. वर्गात मोबाइल बंद, कॅन्टीनला रांग, हे सगळं ती गुमान पाळायची. पण रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिरलं की नसरीन मॅडमचा पाढा सुरू व्हायचा, गॉगल लावा, हातमोजे घाला, केस बांधा, लेबल वाचल्याशिवाय बाटलीला हात लावू नका, आणि तिला हसू आवरायचं नाही. पोरगी पडली हुपरीची. घराच्या मागच्या पडवीत चांदीच्या पैंजणांचा कारखाना. बाकीची पोरं झाडांमागं लपायची, ही ॲसिडच्या कॅनांमागं लपून मोठी झालेली.

"आमची आक्का जलमभर उघड्या हातानं चांदी धुत्या, मॅडम," तिनं पहिल्याच दिवशी सुनावलं होतं. "ठणठणीत हाय की! काय झालं तिला?"

आक्का म्हणजे तिच्या वडिलांची थोरली बहीण, त्या कारखान्याची खरी मालकीण. मॅडम आक्काला ओळखत नव्हत्या, त्यामुळे त्यांनी वाद घातला नाही. पुढं महिनाभरात तेजस्वीनं बर्नरवर मक्याचं कणीस भाजलं, तेव्हा मात्र त्यांनी तिला बाजूला घेतलं. "आणखी एक उद्योग कर, आणि प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसू नकोस." मॅडमचा आवाज कधी चढायचा नाही. म्हणूनच पोरं त्यांना टरकून असायची.

तर तेजस्वीनं कणसं सोडली आणि चांदी धरली. मैत्रिणींची काळवंडलेली पैंजणं घ्यायची, पातळ सल्फ्युरिक ॲसिड कोमट करून त्यात सोडायची, बाहेर काढून ब्रशनं घासायची. पैंजणं अशी पांढरीशुभ्र निघायची की पोरी हरखून जायच्या. मागच्या ओट्याला सगळ्यांनी नावच पाडलं होतं, हुपरीची शाखा. मेहनताना म्हणून कॅन्टीनची मिसळ, वर झणझणीत जादा कट ओतून. मॅडम फळ्याकडं वळल्या की शाखा उघडायची, पोरांकडं वळल्या की बंद.

मग एका गुरुवारी मोना आली. तिच्या घरात रविवारी लग्न होतं आणि तिनं थोरल्या वहिनीची पैंजणं उचलून आणली होती, वहिनीला न विचारता. "लखलखीत करून दे, तेजू. वहिनी बघून खूश हुईल."

"बघत ऱ्हा," तेजस्वी म्हणाली आणि निळ्या झाकणाची बाटली ओढली.

आता इथं खरी गंमत आहे. तिच्या घरी लेबल नावाची भानगडच नाही. निळ्या झाकणाचा कॅन म्हणजे चांदी धुवायचं पातळ ॲसिड, लाल झाकणाचा म्हणजे चांदी गिळणारं तेजाब. पडवीतलं शेंबडं पोरही हे सांगेल. पण बाटल्या बनवणाऱ्या कंपनीनं हुपरीला येऊन थोडंच विचारलं होतं? त्या दिवशी नवा माल आला होता आणि निळ्या झाकणाखाली नायट्रिक होतं, म्हणजे तेच तेजाब, तेही कडक. लेबल तिच्याचकडं तोंड करून होतं.

तिनं एक पैंजण बीकरमध्ये सोडलं. पैंजण फसफसलं. मग बीकरमधून विटकरी धूर उठला आणि तेजस्वी दोन पावलं मागं सरली, कारण तेजाबाचा हा धूर ती ओळखत होती.

"बाहेर! सगळे बाहेर!" मॅडमचा आवाज पहिल्यांदाच चढला. विषारी धूर ओढून घेणारं काचेचं कपाट होतं, पण बीकर ठेवायला त्यात जागा कुठं? प्रयोगशाळेचे शिपाई कृष्णातमामा यांचा जेवणाचा डबा, कांद्याची पिशवी आणि गॅदरिंगचे पुठ्ठ्याचे मुकुट यांनी ते गच्च भरलेलं. मॅडमनी पंखे लावले, खिडक्या सताड उघडल्या आणि पोरांना व्हरांड्यात हाकललं. धूर ओसरल्यावर हातमोजे चढवून बीकरमधला ऐवज त्यांनी पाण्याच्या टबात हळूहळू ओतला.

"हा उद्योग कुणाचा?" त्यांनी विचारलं. सगळी बॅच एकदम फरशीचं निरीक्षण करू लागली. मोना तर रडायलाही भीत होती.

मधल्या सुट्टीत तेजस्वी गुपचूप आत घुसली आणि उघड्या हातांनी टब चाचपला. वाटलं, निम्मं तरी पैंजण उरलं असेल. हाताला काही म्हणजे काही लागलं नाही. तिनं नळाखाली हात खळखळून धुतले, स्वच्छ दिसले, आणि ती हुपरीच्या एसटीत उन्हाच्या बाजूला बसून घरी गेली.

सकाळी उठून बघते तर दहाही बोटं काळी ठिक्कर! कातडीत मुरलेल्या चांदीनं ऊन खाल्लं होतं आणि ती काळी पडली होती. लिंबू झालं, चिंच झाली, राख झाली. बोटं जास्तच चमकली.

शुक्रवारी तेजस्वी सगळ्यांच्या आधी प्रयोगशाळेत हजर. गॉगल, ॲप्रन, आणि कुणी न सांगता हातमोजे. कृष्णातमामांनी दोनदा डोळे चोळले. "बाळ, बरं हाय न्हवं तुला?"

मॅडमनीही बघितलं, पण त्या खुलल्याच. "बघा! तेजस्वीकडून शिका काहीतरी." त्यांनी तिला पुढं उभं केलं, फोटो काढला, सगळ्या बॅचला हातमोजे कसे घालायचे याचं प्रात्यक्षिक तिच्याकडून करून घेतलं. आत घामानं बोटं बुळबुळीत झाली होती. ती मॅडमकडं बघून दात दाखवत होती.

प्रयोग संपला तशी मॅडमनी सगळ्यांना व्हरांड्यात बोलावलं. कागदात गुंडाळलेले गरम बटाटेवडे! "खा. हात धुऊन या आधी. हातमोजे घालून खायचं नाही, हासुद्धा नियमच आहे."

"मला नगं, मॅडम. उपास हाय."

"शुक्रवारी? कोणता गं?"

"हाय एक," तेजस्वी म्हणाली. वड्याचा वास नाकात गेला आणि पोटातून असा आवाज आला की शेजारची पोरं हसली.

मॅडम हसल्या नाहीत. वड्याचा तुकडा मोडत त्या सहज म्हणाल्या, "कृष्णातमामा, तो टब आज निकामी करून टाकून द्यायचा. त्याला कुणी धनी दिसत नाही."

मोनाच्या हातातला वडा तसाच राहिला. उरलेलं एकटं पैंजण तिच्या बॅगेत होतं आणि रविवार परवावर आलेला. ती तेजस्वीकडं बघत नव्हती, मुद्दाम बघत नव्हती, आणि तेच तेजस्वीला सोसवेना. परीक्षा गेली तर वर्ष गेलं. पण टब गेला तर मोनाची चांदी गटारात.

तिनं हातमोजे ओढून काढले आणि काळे हात पुढं केले. "त्यातली चांदी मोनाची हाय, मॅडम. टाकू नगासा. परीक्षेचं काय ते तुमी बघा."

मॅडमनी शांतपणे तिची बोटं उलटसुलट करून बघितली. "सकाळीच कळलं होतं. तू आपणहून हातमोजे घालणाऱ्यातली आहेस होय! मी बघत होते, किती वेळ घालून बसतेस." मग म्हणाल्या, "परीक्षेला बस. त्याआधी ते कपाट रिकामं करायचं, कृष्णातमामांच्या कांद्यांसकट. आणि हा डाग जाईल. कातडी जुनी होऊन गळते, नवी येते. डोळ्यावर उडालं असतं, तर डोळा नवा येत नाही."

ते तेजस्वीनं ऐकलं, मान डोलावली आणि वड्यावर तुटून पडली.

मॅडमनी टबात तांब्याची पट्टी ठेवली तशी विरघळलेली चांदी सुटून राखेसारखी तळाला बसली. ती गाळून, धुऊन, वर मोनाकडून उरलेलं पैंजण नमुन्याला मागून, तेजस्वीनं शनिवारी ते सगळं आक्कापुढं ठेवलं आणि चार शिव्या खाल्ल्या. चांदी आटवून आक्का नवं पैंजण घडवायला बसली. नेहमीप्रमाणे मान डावीकडं वळवून, काम उजव्या डोळ्याजवळ धरून. तेजस्वी जन्मापासून बघत आली होती. तिला वाटायचं, ही आक्काची बसायची ढब.

"आक्का, तू अशी वाकडी का बसतीस गं?"

"ह्या डाव्या डोळ्यानं दिसत न्हाय की," आक्का कड्या जोडता जोडता म्हणाली. "पोरगी असताना तेजाब उडालतं. त्यात काय सांगायचं?"

ठणठणीत हाय की, असं तेजस्वी भर वर्गात म्हणाली होती. तिला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला. मग तिनं सॅकमधून आपला गॉगल काढला, आक्काच्या कानांवर नीट बसवला, आणि सगळ्या कॅनांवर लेबलं लावायला पेन शोधू लागली.

"काढ ते! बेडकागत दिसतोय मी," आक्का ओरडली.

"दिसू दे," तेजस्वी म्हणाली. "लेबल लावून हुस्तवर कॅनाला हात लावायचा न्हाय. न्हायतर पडवीच्या बाहेर!"