हात धुण्याचा राग

निजामी अमलातल्या त्या उन्हाळ्यात औरंगाबादेत पटकीच्या साथीनं थैमान घातलं होतं. दवाखान्यातल्या तातडीच्या खोलीत वहिदा नर्सचं अर्धं आयुष्य हात धुण्यातच चाललं होतं. रोग्याला हात लावला की लाल औषधाचं पाणी, मग साबण, मग पुढचा रोगी. बोटांची सालं निघाली होती. डॉक्टरसाहेबांचा तसा हुकूम होता, आणि हुकूम सोडायला काय लागतं! वहिदा इतकी थकली होती, की रागावणंसुद्धा तिच्या जिवावर येई.

सकाळी हर्सूलहून सारजाबाई आपल्या पोराला, कडूबाला, खांद्यावर टाकून आली. गावकुसाबाहेरची बाई. पोराचे डोळे पार खोल गेलेले. वहिदानं त्याच्या शिरेतून मिठाचं पाणी चालू केलं, अंग पुसलं आणि लगेच हात धुतले. पुन्हा आली, पुन्हा धुतले. सारजाबाई बघत होती. आपली सावली पडली की लोक पाणी शोधतात, हे तिनं जन्मभर पाहिलं होतं.

दुपारी बाटली संपली. सुई काढून वहिदा दुसरी बाटली आणायला गेली, ती परत येते तर सारजाबाईनं पोर उचललेलं.

"कुठं निघालीस?"

"घरी. मरायचं तर आमच्यात मरंल. तुमाला आमचा लई विटाळ होतोय."

"विटाळ कशाचा, बाई! हा रोग हातानं पसरतो. मी समद्यांना हात लावून धुते."

"समदे असंच कायबाय सांगतेत."

"वाटंतच जाईल गं पोर!"

सारजाबाई फाटकाकडं चालू लागली. वहिदा मागं धावली.

फाटकाशी उस्मानपुऱ्याहून वहिदाची सासू डबा घेऊन आली होती. तिच्या कडेवर वहिदाची लेक मुनिरा. आई दिसताच पोरगी खाली उतरली आणि हात पसरून धावली. कित्येक दिवसांत ती आईच्या कुशीत शिरली नव्हती.

"लांब! हात नको लावू मला!"

वहिदा अशी किंचाळली, की पोरगी जागीच बसली आणि तिनं भोकाड पसरलं. सासूनं तिला उचलून नेलं. वहिदा दोन्ही हात अंगापासून दूर धरून तशीच उभी राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची सोय नव्हती.

सारजाबाई थबकली होती.

"तुझीच का?"

"व्हय."

सारजाबाई माघारी वळली. पोराला घेऊन आत गेली, त्याला खाटेवर निजवलं. वहिदानं दुसरी बाटली लावली आणि हात धुवायला वळली, तर सारजाबाई आडवी आली. तिनं आधी स्वतःचे हात लाल पाण्यात बुडवले, साबणानं धुतले, मग तांब्या उचलला. तिच्या हातचं पाणी आजवर परक्या कुणी घेतलं नव्हतं.

"धर हात," ती म्हणाली. "पर माझं पोर वाचीव."

वहिदानं दोन्ही हात पुढं केले.