मुआयन्याच्या दिवशीची रांग

मला दगड म्हनतात ते खोटं न्हाई. पन जन्माला आले तवाच दगड होते का मी? आधी वार्डात एखादं लेकरू पटकीनं गेलं की दोन दिस घास उतरत नसे माझ्या गळ्याखाली. जनाना दवाखान्यात नर्स म्हनून तीन पावसाळे काढले आन् रडूच आटलं. गंमत बघा, रडत होते तवा डॉक्टर माणिकराव म्हनायचे, "कोकिळाबाई, कामात लक्ष न्हाई तुमचं." रडायचं थांबलं तसं म्हनायला लागले, "आता कशा तरबेज झालात!"

मला पाहिजे होती फक्त आठ दिसांची रुखसत. पालमला माझी आई एकटी, दीड वर्षात तिचं तोंड बघितलं नव्हतं. रजेसाठी तीन दरखास्ती लिवून दिल्या. माणिकराव म्हनले, "औरंगाबादचे साहेब मुआयन्याला यायलेत, दवाखाना तपासायला. तेवढं नीट पार पडू द्या, मग जा खुशाल."

झालं, लागले कामाला. साऱ्या गावाला पटकीची सुई टोचायची होती. बाप्ये कंपौंडरकडं, बाया माझ्याकडं. साहेबापुढं बायांना लाज नको म्हनून मधी चादर टांगली, नुसता हात बाहेर. मी वर बघतच नव्हते. कशाला बघू? नाव, गाव वहीत लिवायचं, टोचायचं, पुढचीला हाक मारायची. साहेब घड्याळ घेऊन मागं उभे. दुपारपर्यंत दीडशे हात झाले. एकदाबी माझा हात थरथरला न्हाई, मेला तो हात!

"वाह! औरत है के मशीन?" साहेब म्हनले. माणिकरावांनी लगेच माझ्या रुखसतीची गोष्ट काढली, तेवढं खरं.

हात धुवायला बाहेर आले, तर लिंबाखाली आई! मांडीवर भाकरीचं फडकं, दंडावर कापसाचा बोळा.

"अगं बाई! तू कवा आलीस?"

"सकाळीच. शिपाई म्हनला, आत जायचं तर रांगेत उभी ऱ्हा. ऱ्हायले."

"आन् सुई?"

"तूच टोचलीस की."

मी पळत आत गेले, वही उघडली. माझ्याच अक्षरात लिवलेलं होतं, नर्मदाबाई, पालम. आईचं नाव ऐकलं, लिवलं, तिच्या गोंदलेल्या हातात सुई खुपसली, आन् मला काही म्हंजे काही वाटलं न्हाई. एवढी लाज जल्मात वाटली नव्हती.

तवर शिपायानं ही गोष्ट साहेबांच्या कानावर घातली. साहेब तर लय खूश! माणिकराव हसत हसत सांगायला आले, "साहेब म्हनले, सख्खी आईबी रांगेतून, ना ओळख ना वशिला! अशा बाईला रुखसत दिली तर दवाखाना चालायचा कसा?" दरखास्त नामंजूर. वर शाबासकीचा कागद, त्याच्यावर साहेबांची सही.

तो कागद मी लिंबाखाली आईला वाचून दाखवला. तिला त्यातलं काय कळलं कोन जाने, ती माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. तवा कुठं मला रडू फुटलं.

"मला हाक का न्हाई मारलीस गं?"

"मारली की. दोनदा मारली. तू म्हनलीस, पुढची."

तिनं पदरानं माझं तोंड पुसलं.

"रडू नगस. आठ दिसांनी दुसरी सुई घ्यायला या, असंबी म्हनलीस तू. येते की मी. रांग लय मोठी नसली, तर दोन शब्द बोलू."