सिमेंटखालचं तेल

"मातीनं ते केव्हाच पचवलं असेल," भाचा म्हणाला आणि बुटावरची धूळ पुसत उभा राहिला. पुसण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. कारखान्यातली लेथ मशिनंही तो अशीच लखलखीत पुसून घ्यायचा, आणि त्यांतून निघालेलं जळकं तेल आत्याच्या परसातल्या खड्ड्यात ओतायचा.

आत्याला एवढंच हवं होतं, की विहिरीचं पाणी पुन्हा पिता यावं. खड्डा झाल्यापासून बारा वर्षं ती कोपऱ्यावरच्या नळावरून बादली आणत होती. आता गुडघे प्रत्येक पायरीला बोलत होते. शेवटी तिनंच प्रयोगशाळेतल्या बाईंना बोलावलं.

"खड्डा कुठंय?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही त्यावरच उभ्या आहात!" भाच्याची छाती फुगली. "वास येतो म्हणून आत्या किरकिरायची. वर प्लास्टिक टाकलं, त्यावर सिमेंट. मातीतल्या जंतूंना म्हटलं, घ्या, निवांत जेवा."

आत्यानं बोलावून ठेवलेल्या गवंड्यानं सिमेंट फोडलं. खाली तेल होतं, कालच ओतल्यासारखं, काळंभोर, चकचकीत, वासासकट.

बाईंनी बाटली भरली. "जंतू तेल खातात हो, पण खाताना त्यांना हवा लागते. तुम्ही पान वाढलंत आणि नरडं आवळलंत. वरून झाकलंत, खालून उघडंच. तेल विहिरीकडे सरकलं."

"म्हणजे पाणी?" आत्याचा आवाज बारीक झाला.

"पिऊ नका, आजी."

आत्या विहिरीवर वाकली. पाण्यावर सात रंगांचा तवंग हलत होता, कुण्या नवरीच्या पदरासारखा. किती देखणा, किती नासका! ती वळली आणि सुरावर म्हणाली,

"भाचा माझा गुणी गं, गुणाला काय कमी,
गळा दाबून म्हणतो कसा, जेवणाची हमी!"

गवंडी फिस्सकन हसला. भाच्याचे कान लाल झाले. "उपाय सांगा, बाई."

"आधी मोकळं तेल उपसून परवाना असलेल्या माणसाला रीतसर न्यायला द्या. मग माती काढा, ताडपत्रीवर पातळ पसरा, खत घाला, ओलसर ठेवा, दर आठवड्याला खालवर करा. दोन वर्षं तरी. जड तेल थोडं राहीलच. विहीर कधी निवळेल, ते आज नाही सांगता यायचं."

"माणूस लावतो."

"तू कोण आहेस मग?" आत्यानं फावडं त्याच्या हातात कोंबलं. "आणि विहीर निवळेपर्यंत नळावरची बादली तूच आणायची. बूट काढ आधी. मळतील हो, राजा."